व्हॅम्पायरची लायकी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी आणि माझा रूममेट मिळून एक गेम बनवणार होतो. ‘बनवणार होतो’ म्हटल्यावर तुम्हाला कळलंच असेल की तो कधी बनला नाही. पण गोष्ट तयार होती. बाराव्या शतकातला युरोप. क्रुसेडला गेलेला एक सरदार वाटेत व्हॅम्पायर होतो आणि मग शंभर वर्षं एका संताच्या अस्थी शोधत फिरतो. त्या अस्थींना हात लागला की तो पुन्हा माणूस होणार, म्हातारा होणार आणि सुखाने मरणार.

अडचण अशी होती की व्हॅम्पायरला पवित्र वस्तू सोसत नाही, हा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात कोडमध्ये लिहून ठेवला होता. क्रूस दिसला, हेल्थ कमी. चर्चमध्ये शिरला, हेल्थ कमी. त्या हिशोबाने शेवटच्या लेव्हलला अस्थींना हात लावताक्षणी आमच्या हीरोची राख होणार होती. रूममेट म्हणाला, “मग हा बाबा निघालाच कशाला?”

मी तोडगा काढला. स्कोअर ठेवायचा. वाटेत त्याने किती जणांचं रक्त प्यायलं, किती जणांना सोडून दिलं, याचा आकडा. स्कोअर कटऑफच्या वर असेल तर अस्थी त्याला जाळणार नाहीत. मग तो कटऑफ किती असावा, यावर आम्ही दोन रात्री भांडलो. पन्नास माणसं मारून एक्कावन्न वाचवली तर चालेल का? पन्नासाव्या माणसाच्या बायकोला हा हिशोब कोण समजावणार? तेवढ्यात प्लेसमेंट सुरू झाल्या आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो परत आला आमच्याच घरात, आबांच्या वर्षश्राद्धाला.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याकडे एक ज्ञानेश्वरी होती, लाल कापडात बांधलेली, पानांच्या कडा समईच्या तेलाने पिवळ्या पडलेल्या. रोज संध्याकाळी ते ती वाचायचे. आणि काका म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. काकांनी आबांची सही घेऊन राहतं घर गहाण टाकलं होतं आणि सगळे पैसे क्रिकेटच्या सट्ट्यात घालवले होते. बाबा ते कर्ज नऊ वर्षं फेडत होते. आईच्या पाटल्या त्यातच गेल्या. माझी हॉस्टेलची फी एकदा थकली तीही त्यामुळेच.

श्राद्धाची जेवणं झाल्यावर काका बाबांना म्हणाले, “दादा, आबांची ज्ञानेश्वरी मी नेऊ का?”

बाबा गप्प राहिले. मी मात्र बोललो. “रद्दीत फार काही येणार नाही हो काका.”

कुणी हसलं नाही. काकांनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

त्यानंतर बरेच दिवस मला त्या गेमची आठवण येत होती. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त प्यायलं, त्याने पवित्र वस्तूला हात लावायचा की नाही? आणि लावायचा असेल तर हे ठरवणारा मी कोण? हे मध्ययुगातल्या लोकांनी कसं सोडवलं असेल, म्हणून मी वाचायला लागलो. गेमसाठी करायचा राहिलेला अभ्यास असा सहा-सात वर्षांनी केला.

पहिलं उत्तर मिळालं ते अगदी माझ्या कटऑफसारखं होतं. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचमध्ये लिहिलेल्या होली ग्रेलच्या कथेत लॅन्सलॉट ग्रेलच्या खोलीपर्यंत पोचतो. आर्थर राजाचा सगळ्यात शूर सरदार, पण राणीवर प्रेम करण्याचं पाप त्याच्या माथ्यावर आहे. त्याला आत यायची मनाई असते. आत प्रार्थना चालवणारा धर्मगुरू ओझ्याखाली वाकलेला दिसतो, म्हणून लॅन्सलॉट मदतीला आत धावतो. आगीसारखा वारा त्याच्या तोंडावर येतो आणि तो कोसळतो. चोवीस दिवस मेल्यासारखा पडून राहतो, कारण त्याने चोवीस वर्षं पाप केलेलं असतं. वर्षाला एक दिवस. एखाद्या प्रोग्रॅमरने लिहिल्यासारखा चोख नियम.

दुसरं उत्तर त्याहून थेट आहे. न्यूबर्गचा विल्यम नावाचा एक इंग्लिश धर्मगुरू होता. त्याने 1198 च्या सुमारास इंग्लंडचा इतिहास लिहिला आणि त्यात थडग्यातून उठून फिरणाऱ्या मेलेल्या माणसांच्या काही हकिगती घातल्या. ‘व्हॅम्पायर’ हा शब्द इंग्रजीत यायला अजून पाचशेहून जास्त वर्षं होती, पण प्रकार तोच. एका हकिगतीत गावात साथ पसरते आणि लोक ती अशाच एका फिरणाऱ्या प्रेतामुळे आली असं मानतात. साथीत बाप गमावलेले दोन भाऊ थडगं उकरतात. प्रेत फुगलेलं असतं. घाव घालताच इतकं रक्त वाहतं की हा बऱ्याच लोकांचं रक्त शोषलेला जळू होता, असं त्यांना वाटतं. ते त्याचं काळीज फाडतात आणि प्रेत जाळून टाकतात. साथ थांबते.

या भावांना मी नावं ठेवू शकत नाही. त्यांचा बाप गेला होता. श्राद्धाच्या दिवशी माझ्या हातात फावडं नव्हतं, एक वाक्य होतं, एवढाच फरक.

तिसरी हकिगत बकिंगहॅमशायरमधली. एक माणूस मरतो, त्याला पुरतात आणि दुसऱ्या रात्री तो बायकोच्या बिछान्यात येतो. त्याच्या भाराने तिचा जीव जायची वेळ येते. ती रात्रभर जागणारी माणसं सोबतीला ठेवते, तेव्हा तो आपल्या भावांकडे जातो, मग गुराढोरांकडे. शेवटी दिवसाढवळ्याही फिरू लागतो. लोक तिथल्या आर्चडीकनकडे जातात आणि तो लिंकनच्या बिशपला पत्र लिहितो. या बिशपचं नाव ह्यू.

ह्यूचे सल्लागार त्याला सांगतात की असे प्रकार इंग्लंडमध्ये पूर्वीही झालेत. उपाय ठरलेला आहे, उकरा आणि जाळा. ह्यूला हे पटत नाही. माणसाच्या देहाचं असं काही करणं त्याला अशोभनीय वाटतं. तो स्वतःच्या हाताने पापक्षमेचं पत्र लिहितो आणि सांगतो, थडगं उघडा, हे त्याच्या छातीवर ठेवा, पुन्हा बंद करा. लोक तसं करतात. प्रेत पुरलं होतं तसंच्या तसं सापडतं. पत्र छातीवर ठेवल्यावर तो माणूस पुन्हा कुणालाही दिसत नाही.

हे वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो. कारण इथे पवित्र वस्तू व्हॅम्पायरला जाळत नाही, झोपवते. आमच्या गेममधला नियम आम्ही सिनेमांतून उचलला होता. खरं तर 1897 च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतसुद्धा पवित्र प्रसादाने कपाळ भाजतं ते मीनाचं, म्हणजे ज्या बाईवर अत्याचार झालाय तिचं. पवित्र गोष्ट जाळते तेव्हा ती योग्य माणसालाच जाळेल, याची हमी तिथेही नाही.

आणि ह्यूने कुठला स्कोअर पाहिला? त्या माणसाला पश्चात्ताप झालाय का, हे विचारायची सोयच नव्हती. तो मेलेला होता. त्याने काही कबूल केलं नव्हतं, काही भरपाई केली नव्हती. उलट मेल्यावरही त्रास देत होता.

तुम्ही म्हणाल, हे फार स्वस्तात झालं. मलाही तसंच वाटलं. कुणी कुणाच्याही छातीवर कागद ठेवावा आणि झालं मोकळं? शिवाय विल्यमच्या पुस्तकात दोन्ही उपाय चालतात. जाळल्यावरही त्रास थांबतो आणि क्षमा केल्यावरही थांबतो. म्हणजे रिझल्ट बघून बरोबर-चूक ठरवता येत नाही. दोन्ही टेस्ट पास. मग ह्यूचंच बरोबर कशावरून?

याचं उत्तर मला ह्यूच्याच चरित्रात सापडलं, आणि ते जरा विचित्र आहे. ह्यूला संतांचे अवशेष गोळा करायचा नाद होता. एकदा तो नॉर्मंडीतल्या फेकाँच्या मठात गेला. तिथे मेरी मॅग्डलीनचं मानलं जाणारं हाताचं हाड कापडात घट्ट गुंडाळून ठेवलेलं होतं. ह्यूने चाकूने कापड कापलं. मग हाडाचा तुकडा बोटांनी मोडायचा प्रयत्न केला, मोडेना. मग चक्क दातांनी चावला, आधी पुढच्या, मग दाढांनी. मठातले साधू ओरडायला लागले. ह्यू शांतपणे म्हणाला की थोड्या वेळापूर्वी याच बोटांनी मी प्रभूचं शरीर हातात घेतलं आणि याच दातांनी खाल्लं, मग संताच्या अस्थींना दात लावले तर काय बिघडलं?

असं करणारा तो एकटा नव्हता. आपल्याकडे गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव 1554 मध्ये आलं, तेव्हा एका भाविक स्त्रीने त्यांच्या पायाचं बोट चावून तोडून घेतलं, अशी गोष्ट सांगतात. आणि चोऱ्या तर कितीतरी. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी 828 मध्ये अलेक्झांड्रियातून सेंट मार्कचा देह पळवून आणला. बारीच्या खलाशांनी 1087 मध्ये मायराहून सेंट निकोलसच्या अस्थी उचलल्या. अशा चोऱ्यांचं समर्थन ठरलेलं असायचं. संताला जायचं नसतं तर त्याने जाऊच दिलं नसतं! हसू येतं, पण यात एक शहाणपण आहे. कोण लायक, हे त्या वस्तूवर सोडलेलं आहे. दारात वॉचमन बसवलेला नाही.

मेलेल्या माणसाच्या हाडाला दात लावणारा एक संत आणि जिवंत माणसांना छळणारं एक प्रेत. भूक दोघांनाही आहे. ह्यूची भूक कुणाच्या जिवावर उठत नाही आणि त्या माणसाची उठते, हा फरक मोठाच आहे, मी तो पुसत नाही. पण पवित्र गोष्टीकडे माणूस हात धुऊन, फॉर्म भरून, पात्र ठरून जातो, हे काही खरं नाही. तो उपाशी असतो म्हणून जातो. आबा रोज ज्ञानेश्वरी वाचायचे ते काही त्यांचा कटऑफ क्लिअर झाला होता म्हणून नाही. आणि मी कधी तिचं एक पानही उलटलं नव्हतं. तरी त्या दिवशी तिच्यापुढे वॉचमन होऊन मीच उभा होतो.

राहिली त्या मेलेल्या माणसाची बायको. मला वाटतं, क्षमेबद्दल बोलताना आपण तिला विसरतो. पण ह्यूने तिला काय करायला सांगितलं ते बघा. काहीच नाही. तिने त्याला माफ करावं, पुन्हा घरात घ्यावं, त्याची बाजू समजून घ्यावी, असं काही नाही. कागद थडग्यात गेला आणि थडगं बंद झालं. त्याला शांती मिळाली आणि तिला झोप. क्षमा आणि घराची किल्ली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी इतकी वर्षं त्या एकच समजत होतो, म्हणून पोथी देण्याची भीती वाटत होती. पोथी दिली की कर्ज, पाटल्या, नऊ वर्षं, सगळ्यावर पाणी सोडल्यासारखं होईल असं वाटत होतं.

आमच्या घरात ती बाई म्हणजे आई. म्हणून मी तिला फोन केला. ह्यूबिह्यूचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, पोथी काकांना देऊ का?

“दे की. आबांची आहे ती, आपली थोडीच आहे.”

“आणि त्यांनी परत पैसे मागितले तर?”

“पैसे कोण देतंय? मी पोथी दे म्हटलं.”

मला एवढं कळायला बारावं शतक लागलं होतं.

गेल्या महिन्यात मी काकांकडे गेलो. एक खोली, दाराशी चपला, आत टीव्ही चालू. मॅच नव्हती, बातम्या होत्या. मी पिशवीतून लाल कापडातली पोथी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही. मांडीवर ठेवली, कापडावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “रद्दीवाल्याला विचारून आलास ना?”

मी म्हणालो, “काका, चुकलं माझं.”

“असू दे,” ते म्हणाले. मग टीव्हीचा आवाज कमी केला आणि चहा टाकायला उठले.

काकांनी सट्टा सोडला की नाही, हे मी विचारलं नाही. पोथी अजून त्यांच्याकडे आहे की विकली, हेही मी विचारणार नाही. निघताना त्यांनी बाबांसाठी निरोप दिला, “दादाला सांग, येईन कधीतरी.” मी सांगतो म्हणालो. घरी आल्यावर निरोप दिला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “येऊ दे. आधी फोन करून ये म्हणावं.”