वेड्या हिऱ्याचं देणं

केंब्रिजच्या तंत्रमहाविद्यालयात दुपारच्या सुटीत दोन पोरं गिटार घेऊन बसायची. एक सिड बॅरेट, दुसरा डेव्हिड गिल्मर. १९६५ च्या उन्हाळ्यात दोघं फ्रान्सच्या रस्त्यांवर गाऊनही आली.

लंडनमध्ये सिड रॉजर वॉटर्स, रिक राइट आणि निक मेसन यांच्या बँडमध्ये आला. ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव त्याचंच. १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही त्याचीच.

आणि त्याच वर्षी तो हातातून निसटू लागला. एलएसडीची नशा तर होतीच. त्यात नशा किती आणि मनाचा आजार किती, यावर आजही वाद आहे. भर कार्यक्रमात तो एकच सूर छेडत राही, नाहीतर नुसता उभा राही. त्याला सावरायला गिल्मरला बोलावलं. जानेवारी १९६८ मध्ये एका कार्यक्रमाला निघाल्यावर गाडीत विषय निघाला, सिडला घ्यायला जायचं का? गाडी त्याच्या घराकडे वळली नाही.

मित्रांना यासाठी निर्दय म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. सिडसोबत उभं राहून कार्यक्रम करणं खरोखरच अशक्य झालं होतं. पण त्याच्या जागी उभ्या राहिलेल्या गिल्मरनं आणि वॉटर्सनं पुढे त्याचा एकट्याचा अल्बम पुरा करायला हात दिला. त्यात सिडची एक चुकलेली सुरुवातसुद्धा तशीच ठेवली आहे.

१९७४ साली गिल्मरला गिटारवर चार सूर सापडले आणि त्यातून ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ उभं राहिलं. नऊ भाग, सुमारे २६ मिनिटं. शब्द वॉटर्सचे. त्यांनी सिडला देव्हाऱ्यात बसवलं नाही. त्याचं तेज सांगितलं आणि त्याची झालेली राखही सांगितली. अगदी शेवटी राइटनं सिडच्या ‘सी एमिली प्ले’ची धून हळूच गुंफली. जुनं गाणं ठाऊक असेल त्यालाच ती ओळखू येते.

हे गाणं असलेल्या अल्बमचं काम चालू असताना, १९७५ च्या ५ जूनला, अ‍ॅबी रोड स्टुडिओत एक लठ्ठ माणूस येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. हा सिड, हे कळलं तेव्हा वॉटर्स रडले.

नंतर तो केंब्रिजला परतला, चित्रं काढी, बागेत रमे. इकडे वॉटर्स आणि बाकीच्यांचं बिनसलं, वकिलांपर्यंत गेलं. तरी २ जुलै २००५ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघं पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, तेव्हा वॉटर्सनी सिडचं नाव घेऊनच ‘विश यू वेअर हिअर’ हे गाणं सुरू केलं. पुढच्याच वर्षी सिड गेला.

या साऱ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक कमी बोलली गेलेली गोष्ट. २००१ मध्ये बँडच्या निवडक २६ गाण्यांचा संग्रह निघाला, त्यात पाच गाणी सिडची होती. त्याच्या गाण्यांचं मानधन त्याला मिळत राहील, याकडे गिल्मर स्वतः लक्ष देत असे. मित्रासाठी रचलेलं गाणं थोर आहेच. त्याच्या हक्काचे पैसे वर्षानुवर्षं त्याच्या दारी पोचवणं मी त्याहून थोर मानतो.