शेजारी ठेवलेली गोष्ट

ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका ग्रीक शब्दाने मला पुष्कळ वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही. शब्द आहे 'पाराबोली'. 'पारा' म्हणजे शेजारी, बाजूला. आणि दुसरा अवयव फेकणे, टाकणे ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला. एका वस्तूच्या शेजारी दुसरी आणून टाकावी, म्हणजे दोहोंकडे एकाच वेळी पाहता येते, इतकाच त्याचा मूळ भाव. पेरणारा, उधळा मुलगा, चांगला शोमरोनी ह्या येशूने सांगितलेल्या गोष्टींना परंपरेने ह्याच नावाखाली घातले आहे, आणि मराठी बायबलात त्यासाठी 'दाखला' हा शब्द रुळला आहे. 'पाराबोली' म्हटले की आपल्या कानाला त्यात 'बोली' ऐकू येते. दोहोंचा संबंध काही नाही. पण गंमत अशी, की हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि त्यातूनच पुढे फ्रेंच 'पारोल', इटालियन 'पारोला', स्पॅनिश 'पालाब्रा' आणि पोर्तुगीज 'पालाव्रा' जन्माला आले. अर्थ: शब्द, बोलणे. म्हणजे आपला कान चुकून का होईना, बरोबर जागी जाऊन पोचला म्हणायचा!

ग्रीकांच्या हाती हा शब्द होता तेव्हा तो फार सरळ होता. अ‍ॅरिस्टॉटलने वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात पाराबोली हा वक्त्याच्या हाताशी असावा असा एक पुरावा म्हणून सांगितला आहे. सॉक्रेटिसाच्या धाटणीचे त्याचे उदाहरण असे: अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडू नयेत, कारण तसे करणे म्हणजे शर्यतीचे मल्ल किंवा जहाजाचा सुकाणूधारी चिठ्ठ्या टाकून निवडण्यासारखे आहे. ज्ञात गोष्ट अज्ञाताच्या शेजारी ठेवली, ऐकणाऱ्याने मान हलवली, काम झाले. मागे शंका उरत नाही. इसवीसनापूर्वी २०० च्या सुमारास अपोलोनियसने शंकुछेदातील एका वक्रालाही हेच नाव दिले, कारण तेथे एक क्षेत्र एका रेषेला नेमके लागू बसते, कमी पडत नाही की वर उरत नाही. आपण त्या वक्राला अन्वस्त म्हणतो. ग्रीक बुद्धीला 'शेजारी ठेवणे' ह्यात हा नेमकेपणा अभिप्रेत होता.

घोटाळा सुरू झाला तो अलेक्झांड्रियात. इसवीसनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापासून तेथील यहुदी विद्वान आपले हिब्रू ग्रंथ ग्रीकमध्ये आणू लागले, आणि हिब्रूतील 'माशाल' ह्या शब्दासाठी त्यांनी बहुधा 'पाराबोली' योजला. माशाल म्हणजे उपमा हे खरे. पण म्हणही माशाल, कोडेही माशाल, टोमणाही माशालच. शौल संदेष्ट्यांच्या घोळक्यात सापडला तेव्हा लोकांनी जी थट्टेची म्हण पाडली ती माशाल. यहेज्केलाची गरुड आणि द्राक्षवेल ह्यांची गोष्ट माशाल आणि कोडे अशी दोन्ही नावे धारण करते. आणि अनुवाद नावाच्या ग्रंथात शापांची यादी येते, तेथे म्हटले आहे की हे राष्ट्र आज्ञा मोडील तर परक्या लोकांत माशाल होऊन राहील. म्हणजे आपण मराठीत म्हणतो तसे, चारचौघांच्या तोंडी जाईल. येथे माणूसच पाराबोली झाला! अ‍ॅरिस्टॉटलच्या नेटक्या शब्दाच्या पोटात असा सारा पौर्वात्य काळोख येऊन बसला, आणि शुभवर्तमाने लिहिणाऱ्यांच्या हाती तो ह्या दुहेरी अवस्थेत पडला.

मार्क, मत्तय आणि लूक ह्या तिघांत मिळून तो ४८ वेळा येतो आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आणखी दोनदा. योहान तो वापरतच नाही. लूकमध्ये वैद्याला स्वतःचेच औषध करायला सांगणारी एक म्हण पाराबोली ठरते. मार्कमध्ये माणूस कशाने विटाळतो ह्याविषयीचे एक तिरकस वाक्य पाराबोली ठरते. आणि पत्रात तर गोष्टच नाही, नुसते प्रतीक आहे. उलट, ज्या चांगल्या शोमरोन्याची कथा जगभर दाखला म्हणून प्रसिद्ध आहे, तिला लूकने स्वतः पाराबोली म्हटलेले नाही. तेव्हा 'पाराबोली म्हणजे स्वर्गीय अर्थाची लौकिक गोष्ट' ही जी व्याख्या सगळीकडे शिकवली जाते, ती मूळ ग्रंथाच्या कसोटीला उतरत नाही.

परंतु खरी अडचण व्याख्येची नाही, नीतीची आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याची गोष्ट संपते आणि जवळची मंडळी येशूला तिच्याविषयी विचारतात. तो म्हणतो की राज्याचे रहस्य तुमच्या हाती दिले आहे. बाहेरच्यांच्या वाट्याला मात्र पाराबोलीच. आणि त्याचा हेतू? डोळे आणि कान असूनही त्यांना उमज पडू नये, कारण ती पडली तर ते माघारी फिरतील आणि क्षमा पावतील. हे मी प्रथम वाचले तेव्हा भाषांतरकाराचा काही प्रमाद असावा असे वाटले. तसे नाही. मूळात 'हिना' हे अव्यय आहे आणि त्याचा नेहमीचा अर्थ 'अशासाठी की' हाच. मार्कनंतर लिहिणाऱ्या मत्तयालाही ते बोचले असावे. त्याने तेथे 'होटी' घातले, म्हणजे 'कारण की'. लोकांना उमज पडत नाही, म्हणून मी गोष्टी सांगतो! एका अव्ययाच्या फरकाने गुरूचा स्वभाव बदलतो. एक गुरू दार लावून घेतो; दुसरा, दार सापडत नाही म्हणणाऱ्यांसाठी दिवा धरतो. ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून बोलणे हे नीतीला धरून आहे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो, आणि श्रद्धावंताने काय किंवा माझ्यासारख्या बाहेरच्याने काय, तो टाळू नये असे मला वाटते.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत मुळीच संदिग्धता ठेवलेली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टांताचे लक्षण असे बांधले आहे, की ज्या गोष्टीविषयी सामान्य माणसाची आणि परीक्षकाची बुद्धी सारखीच असते, तो दृष्टांत. स्वयंपाकघरातील धूर आणि अग्नी ह्यांच्यावरून वाद होत नाही, म्हणूनच डोंगरावरच्या धुराचा वाद त्याच्या साह्याने मिटवता येतो. म्हणजे दृष्टांत ही आतल्या आणि बाहेरच्या माणसांची भेटण्याची जागा झाली. चक्रधरांचे दृष्टांत केशिराजांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले, त्यांतही प्रत्येकाच्या आधी सूत्र येते आणि मागून दार्ष्टांतिक येऊन सारे उलगडून ठेवते. ऐकणारा अर्ध्या वाटेवर राहू नये ही त्या मांडणीतील काळजी आहे. मार्कचा येशू ह्याच्या नेमका उलट उभा दिसतो. त्याच्या गोष्टीपाशी लोक एकत्र येत नाहीत, दुभंगतात.

ख्रिस्ती भाष्यकारांनी ही अडचण दोन रीतींनी झाकली. जुन्यांनी प्रत्येक गोष्ट कुलूप मानली आणि किल्ल्या घडवल्या. ऑगस्टिनने शोमरोन्याच्या कथेतील वाटसरूला आदाम ठरवले, यरीहोला चंद्र, धर्मशाळेला ख्रिस्तमंडळी आणि धर्मशाळेच्या मालकाला चक्क पौल! कथेच्या काळी पौल मंडळीत यायचाच होता, ह्याची त्या थोर माणसाला अडचण वाटली नाही. १८८८ मध्ये आडोल्फ यूलिखर ह्या जर्मन पंडिताने ही किल्ल्यांची पेटी उचलून बाहेर टाकली. त्याच्या मते येशूच्या गोष्टी मुळात स्वच्छ होत्या. प्रत्येकीत तुलनेचा एकच बिंदू, आणि गूढपणा मागाहून मार्कने चिकटवलेला. ह्या सफाईचे उपकार मोठे आहेत. पण यूलिखरच्या हाती गोष्टीचे जे उरते ते शाळेच्या फळ्यावरील सुविचारासारखे असते, आणि तेवढ्यासाठी गोष्ट कशाला हवी होती हे मला कळत नाही. त्याने माशालला पुन्हा अ‍ॅरिस्टॉटलच्या घरी नेऊन बसवले, इतकेच. योआखिम येरेमियासने १९४७ मध्ये जास्त समजुतीने लिहिले: मार्कच्या त्या वाक्यात शब्दाचा अर्थ 'कोडे' असा घ्यावा, बाहेरच्यांना सारेच कोड्यासारखे होऊन बसते. हे मला पटते. पण त्यानेही 'हिना'चा काटा पुरता निघत नाही.

तो काढायचा तर मार्कलाच पुढे वाचले पाहिजे. ते कठोर वाक्य उच्चारून येशू लगेच शिष्यांकडे वळतो आणि त्यांना विचारतो की तुम्हालाच ही गोष्ट कळली नाही काय? चार अध्यायांनंतर, नावेत, डोळे असून आंधळे आणि कान असून बहिरे हे बाहेरच्यांसाठी योजलेले शब्द तो शिष्यांनाच ऐकवतो. आणि बाराव्या अध्यायात तर कमाल होते. द्राक्षमळा खंडाने घेऊन मालकाच्या मुलाला ठार मारणाऱ्या कुळांची गोष्ट तो यरुशलेमच्या पुढाऱ्यांना सांगतो. हे तर पक्के बाहेरचे. मार्क स्वच्छ लिहितो, की गोष्ट आपल्यालाच उद्देशून आहे हे त्यांना उमगले, आणि म्हणूनच ते त्याला धरायला टपले. आतल्यांना कळत नाही आणि बाहेरच्यांना अगदी नेमके कळते! फ्रँक कर्मोड ह्या इंग्रज समीक्षकाने १९७९ च्या आपल्या पुस्तकात ह्याच अध्यायावरून असे प्रतिपादले, की कथा ही जातीनेच रहस्यमय असते आणि आपण सारे तिच्या दाराबाहेरच राहतो. विद्वत्ता मोठी आहे; पण त्या पुढाऱ्यांना दाराबाहेर कोण म्हणेल? ते आत शिरून स्वतःला ओळखून परत आले होते. त्यांची उणीव समजुतीची नव्हती.

येथे मला जुन्या करारातील नाथानाची आठवण होते. दावीद राजाने उरीयाच्या बायकोचा अभिलाष धरला आणि त्या इमानी शिपायाला लढाईच्या तोंडी देऊन मारवले. नाथान दरबारात आला तो आरोप घेऊन नव्हे, फिर्याद घेऊन. एका धनवंताकडे गुरेमेंढरे उदंड. शेजारच्या गरिबाजवळ एकच मेंढी, लेकीसारखी कुशीत निजणारी. पाहुणा आला तेव्हा धनवंताने आपले जनावर राखले आणि गरिबाची मेंढी कापली. राजा संतापला आणि त्या माणसाला मरणाची शिक्षा योग्य असे बोलून गेला. मग नाथानाने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस.

नाथानाने राजाला फसवले काय? एका अर्थी होय; दाविदाला तो खरा खटला वाटला होता. पण उघड आरोप केला असता तर राजासमोर राजाच वकील म्हणून उभा राहिला असता, आणि स्वतःची वकिली आपण सारेच फार चांगली करतो. गोष्टीने त्याला क्षणभर स्वतःपासून सोडवले, न्यायाधीशाच्या आसनावर बसवले, निवाडा त्याच्याच तोंडून घेतला, आणि मग पडदा ओढला. हे झाकणे खरे, पण निवाडा होईपर्यंतचे. उजेड मागाहून यायचा असतो, आणि तो सोसायचा की दिवा सांगणाराच विझवायचा, हे ऐकणाऱ्यावर असते. दाविदाने आपला अपराध मान्य केला. द्राक्षमळ्याची गोष्ट ऐकणाऱ्यांनी, मत्तयाच्या म्हणण्याप्रमाणे, त्या कुळांविरुद्ध तितकाच कडक निवाडा दिला, आणि नंतर सांगणाऱ्यालाच पकडायचा बेत केला. कळणे दोघांचे सारखेच. मार्कच्या कठोर वाक्याचा मी असा अर्थ लावतो, की ते गुरूच्या इच्छेचे वर्णन नसून त्याने पाहिलेल्या अनुभवाचे आहे. आणि ते मूळ ज्याच्याकडून घेतले, त्या यशयाच्या तोंडीही ते व्यर्थ गेलेल्या उपदेशाच्या कडवट सुरातच शोभते. व्याकरण माझ्या बाजूने पूर्णपणे नाही, हे मी नाकबूल करीत नाही.

आपल्या भाषेत 'दाखला' म्हटले की पुराव्याचा वास येतो. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला. 'बोधकथा' तर त्याहून वाईट. घरी काय न्यायचे ते ती आधीच पुडीत बांधून देते. पण 'दृष्टांत' ह्या शब्दाचा एक अर्थ न्यायशास्त्राच्या बाहेर, आपल्या खेड्यापाड्यांत नांदतो. देवाने स्वप्नात दृष्टांत दिला, असे म्हातारी माणसे सांगत. असा दृष्टांत एकालाच होतो. त्याचा अर्थ शेजाऱ्याला पटतो की नाही ह्याला महत्त्व नसते. ज्याला झाला त्याला पहाटे उठून काहीतरी करावे लागते, विहीर खणावी लागते, नाहीतर वारीला निघावे लागते. गौतमाला हा अर्थ मुळीच आवडला नसता. नाथानाला मात्र तो पटला असता असे मला वाटते.

शेजाऱ्याचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. पाराबोली म्हणजे शेजारी ठेवणे, आणि शोमरोन्याची गोष्ट निघते तीही 'माझा शेजारी कोण' ह्या एका शास्त्र्याच्या प्रश्नातून. ग्रीकमध्ये ह्या दोन शब्दांचे नाते नाही. मराठीत ते आपोआप जुळले. शास्त्र्याला व्याख्या हवी होती, म्हणजे कोणावर प्रेम करायला नको हेही ठरवता आले असते. त्याला मिळाली वाटेवर अर्धमेला पडलेल्या माणसाची गोष्ट. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, आणि यहुद्यांना नकोसा असलेला शोमरोनी थांबतो. शेवटी प्रश्न त्याच्याकडेच उलटा येतो: ह्या तिघांत शेजारी कोण झाला? उत्तर तो बरोबर देतो, पण 'शोमरोनी' हा शब्द काही त्याच्या ओठांवर येत नाही. दया करणारा, एवढेच तो म्हणतो. त्याला अर्थ समजला होता ह्याचा ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

उधळ्या मुलाच्या गोष्टीविषयी लिहिणाऱ्या बहुतेकांचे लक्ष त्या मुलाच्या परत येण्यावर असते. मी अलीकडे थोरल्या भावाकडे जास्त पाहतो. तो कधी घर सोडून गेला नाही, एकही आज्ञा त्याने मोडली नाही, आणि गोष्टीच्या अखेरीस घराबाहेर उभा आहे तो तोच. आत वाजंत्री चालू आहे, वासरू कापले आहे, आणि तो पाऊल आत टाकायला तयार नाही. बाप मेजवानी सोडून बाहेर अंगणात येतो आणि त्याची समजूत घालू लागतो. त्याचे म्हणणे थोरल्याने ऐकले. मग तो आत गेला की शेताकडे परतला, हे लूकने लिहिलेले नाही.