केराची साक्ष

आष्ट्यात सकाळी घंटागाडीची चाहूल लागली की आम्ही लगबगीने बादली उचलतो. एखादी वस्तू मात्र आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो. ती नेमकी कोणापासून लपवितो, हे आम्हांस धड सांगता येत नाही.

पूर्वी घरामागे उकिरडा असे. शेण, राख, उसाचे पाचट, भाजीची देठे असे सारे त्यात कुजे आणि पावसाळ्यापूर्वी शेतात जाई. त्यात लपविण्याजोगे फारसे नसे. आज ओला व सुका कचरा वेगळा करताना घरचे सारे आयुष्यच हातांखालून जाते: औषधांची रिकामी पाकिटे, फाडलेले पत्र, हौसेने आणलेली आणि कोणी न खाल्लेली नाताळची मिठाई.

पुरातत्त्वज्ञ गेलेल्या माणसांना याच वाटेने ओळखतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी एक अक्षरही मागे ठेवले नाही. परंतु जळके धान्य, हाडे व खापरे यांवरून ते काय पिकवीत, काय खात, हे उमगले. १९७३ साली अमेरिकेतील टूसॉन शहरी विल्यम रॅथजे यांनी जिवंत माणसांचा कचरा तपासण्यास आरंभ केला. लोक जितके मद्य घेतल्याचे सांगत, त्याहून अधिकाची साक्ष कचरा देई.

मग जिभेपेक्षा केर खरा म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाटली रिकामी झाली, एवढे केर सांगतो. ती टाकणाऱ्याने त्या सकाळी मनाशी काय ठरविले, हे त्याला ठाऊक नसते. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिताना आपले कूळ, बन्यामिनाचा वंश, परुशीपण, ही सारी ओळखच ख्रिस्तापुढे केरकचरा मानली. ज्याचा अभिमान मिरवावा तेच त्याने टाकले. त्या केरात शोधणाऱ्याला जुना शौल सापडेल, पौल नव्हे.

धर्मगुरूंपुढे आपण पापांची कबुली देतो ती शब्द निवडून. गाडीवरील माणसापुढे रोज न निवडलेली कबुली देतो. कोणाला मधुमेह जडला, बाळ केव्हा आले, आजी केव्हा गेली, हे त्याला शेजाऱ्यांआधी कळत असावे. आणि तो कोठे बोलत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा रविवारी ऐकणाऱ्या आम्ही त्याचे नाव गेल्या आठवड्यात प्रथमच विचारले. तो गोंधळून थांबला. आम्हांस तक्रार करावयाची आहे, असे त्याला वाटले.