संयोग आणि अवयवी

मंडीदीप या औद्योगिक गावाचे नाव मूळचे मंडीद्वीप, भोजराजाच्या विस्तीर्ण सरोवरातले बेट, असे इथले लोक सांगतात. ते पाणी केव्हाच ओसरले आणि आता शेजार उरला आहे तो कारखान्यांचा. अलीकडच्या आवारात औषधाची भुकटी होते, पलीकडच्यात सूत कातले जाते, मधल्या सामाईक भिंतीच्या भेगेत रुजलेल्या पिंपळाची मुळे दोन्ही हद्दींत उतरली आहेत. तरी एवढ्यावरून दोन्ही मिळून एक उद्योग, असे कोणी म्हणत नाही. हाच विवेक प्रथिनांच्या स्फटिकात करावयाचा झाला म्हणजे मात्र भल्याभल्यांची मती कुंठित होते.

प्रथिनाचा स्फटिक जमतो तेव्हा त्याचे असंख्य रेणू शिस्तीने एकमेकांना खेटून बसतात, आणि क्ष-किरणांनी जी आकृती हाती येते तीत प्रत्येक रेणू चहूंकडून शेजाऱ्यांना टेकलेला दिसतो. यांतली एखादीच जवळीक जिवंत पेशीतही नांदत असते व तिच्यावाचून प्रथिनाचे कार्य अडते. बाकीच्या केवळ दाटीतून उपजलेल्या. आकृतीत दोहोंचा चेहरा सारखाच.

वैशेषिक दर्शनकारांना हा पेच परका वाटला नसता. संयोग हा त्यांच्या चोवीस गुणांपैकी एक, उत्पन्न होणारा आणि नाश पावणारा. पण तंतूंच्या संयोगातून पट होतो तेव्हा तंतूंहून निराळा अवयवी, म्हणजे एकसंध वस्तू, जन्मतो आणि आपल्या अवयवांत समवायाने, अतूट संबंधाने, राहतो. बौद्धांनी हा अवयवी साफ नाकारला. (या वादात मला बौद्ध नेहमी अधिक चतुर वाटले, पण अंगावर पांघरायला वैशेषिकांचाच पट बरा.) स्फटिकापुढे बसलेला संशोधक तरी दुसरे काय विचारतो? इथे अवयवी उपजला आहे, की नुसती रास पडली आहे?

संगणकाचा निवाडा आपल्या महसुली दप्तरासारखा दुहेरी असतो. एक मोजणीचा: क्रिसिनेल आणि हेन्रिक यांनी २००७ साली मांडलेली ‘पिसा’ पद्धत, सांध्यात किती पृष्ठभाग झाकला गेला आणि जोडी द्रावणात टिकेल की विस्कटेल, याचा ऊर्जेच्या हिशेबाने अदमास घेते. दुसरा वहिवाटीचा: २०१२ सालची ‘एपिक’ निरनिराळ्या जीवांतले त्या प्रथिनाचे भाऊबंद गोळा करून पाहते, की सांध्याच्या गाभ्यातली अमिनो आम्ले पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहेत काय.

पण वहिवाट मोडणारा वारसही घराण्यात निघतो. रचना-जीवशास्त्रज्ञ शेखर मांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली क्षयजंतूच्या ‘चॅपरोनिन ६०.२’ची रचना प्रसिद्ध केली. इतर प्रथिनांची घडी बसवणारे हे कूळ; ई. कोलाय जंतूतला त्याचा नामांकित भाऊबंद सात-सातांच्या दोन कड्यांत, चौदांचे एकत्र कुटुंब करून राहतो. क्षयजंतूचे हे प्रथिन स्फटिकात सापडले ते दोघा-दोघांच्या बिऱ्हाडांनी. स्फटिकाची लहर म्हणून ते सोडून देता आले असते. परंतु द्रावणातली जबानी घेतली तेव्हा तिथेही हे प्रथिन लहान समूहांतच आढळले, आणि या जोडीत उघडे पडणारे जलद्वेषी पट्टे पेप्टाइड धरण्यास उपयोगी पडत असावेत, असे अनुमान या मंडळींनी मांडले. हे प्रथिन पेशीबाहेरही आढळते, आणि तिथे त्याचे प्रमाण कमी असेल तर मोठी कडी जुळायला माणसेच पुरू नयेत. म्हणजे अवयवी हा अवयवांच्याच नव्हे, गर्दीच्याही स्वाधीन ठरला. आणि या गर्दीला वैशेषिक दर्शनाचा प्रवर्तक कणाद याच्या पदार्थांत कोठे बसवावे, हे मला अद्याप उमगलेले नाही.