यंत्राची ग्वाही

मागल्या दिवाळीत भाच्याने मावळातून आमच्या भंडाऱ्याला गुलाबांची जुडी आणली. फेब्रुवारीत परदेशी जातात, तसले गुलाब. वर लेबल: जात, देठाची लांबी ६० सेंटिमीटर. “मामा, हे यंत्रच चिकटवतं. शीतगृहात बायांची बोटं आता गारठत नाहीत.”

बोटे वाचली, हे चांगलेच झाले. पण जुडीतला एक देठ वीतभर तोकडा निघाला! त्याच सकाळी बाजारातली झेंडूवाली आपण होऊन म्हणाली होती, “हा कालचा हाय, भाऊ; तो ताजा घ्या.”

यंत्र खोटे बोलत नाही. पण त्याला खोट्याची लाजही वाटत नाही. आणि ज्याला लाज नाही, त्याची ग्वाही कसली? चिठ्ठी यंत्राने खुशाल चिकटवावी. तत्पूर्वी फुलाकडे माणसाने एकदा पाहिलेले असावे, एवढेच मागणे.