जाईल ते जमा

अकरावी कॉमर्सला पुस्तपालनाच्या तासाला आमचे सर एक नियम घोकून घेत असत : 'आत येईल ते नावे, बाहेर जाईल ते जमा.' मला हा नियम कधीच पटला नाही. खिशातून पैसे गेले तर ते 'गेले' म्हणावेत, 'जमा' काय म्हणून म्हणायचं? पण परीक्षेत पटण्याला मार्क नसतात, घोकण्याला असतात. मी घोकलं, बी.कॉम. झालो आणि एका बँकेत कॅशच्या पिंजऱ्यात जाऊन बसलो. तो नियम खरा का आहे, हे कळायला मात्र मला वयाची सेहेचाळीस वर्षं आणि इंदूरचा एक दहीवडा लागला.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर एका संध्याकाळी माझ्या कॅशमध्ये साडेनऊ हजार कमी आले. नोटाबंदीच्या वेळी, 2016 सालच्या त्या नोव्हेंबर-डिसेंबरात, मी बोटांची सालं निघेपर्यंत नोटा मोजल्या होत्या आणि एक रुपया चुकला नव्हता. आणि आता, लोक पाव किलो भेंडीचे पैसेसुद्धा फोनवरून देतात अशा सुबत्तेच्या काळात, साडेनऊ हजार कमी! तीनदा मोजलं, ड्रॉवर उपडा केला, टेबलाखाली रांगलो. शेवटी नियमाप्रमाणे पदरचे भरले आणि घरी आलो. तसं पाहिलं तर प्रकरण मिटलं.

पण मिटलं ते बँकेचं, माझं नव्हे. त्या रात्री ठीक दोन वाजता मला जाग आली आणि माझ्या डोक्यात काउंटर उघडला. 'ते पेन्शनवाले आजोबा? की हिरव्या पिशवीवाल्या बाई? पाचशेची गड्डी दोनदा दिली का?' पहाटे पाचला काउंटर बंद. दुसऱ्या रात्री पुन्हा दोनला सुरू. माझ्या मनाइतकी वक्तशीर सेवा आमच्या बँकेनं कुणाला दिलेली नाही. रविवारची सुटी नाही, दुसऱ्या शनिवारची नाही, 15 ऑगस्टची तर नाहीच नाही!

असे चार महिने गेले. डॉक्टर म्हणाले, "गोळी देतो, पण त्यापेक्षा जरा बाहेर पडा. चार माणसांत जा, रात्रीचं बाहेर जेवा, गप्पा मारा."

मी चमकलो. रात्रीचं बाहेर जेवणं हे आमच्या घरात औषध म्हणून कधीच घेतलं गेलं नव्हतं. घेतलं असेल तर अपराध म्हणून. घरी भाजी-पोळी असताना बाहेर जाऊन खायचं म्हणजे अन्नाचा अपमान, पैशाचा अपव्यय आणि पोटाशी फितुरी, असं आमचं त्रिसूत्री तत्त्वज्ञान. रात्री दहाला दिवे बंद. सौ.च्या खर्चावर माझी नजर, चिरंजीवांच्या झोपेवर माझा पहारा आणि आईच्या साखरेवर तर माझा कायमचा शिक्का! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माउलीला मी दिवाळीत करंजीचा अर्धा तुकडासुद्धा व्हाउचर पास केल्यासारखा देत असे.

शिवाय बाहेर पडायचं तर कुठे? आमच्या मुंबईला 'कधी न झोपणारं शहर' म्हणतात ते खरं आहे, पण त्या न झोपण्यात कारखान्यांच्या पाळ्या, दूधवाले आणि माझ्यासारखे साडेनऊ हजारवालेही धरलेले आहेत. 2020 च्या जानेवारीत सरकारनं बिगरनिवासी भागातले मॉल आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा मी 'एकदा जाऊन बघू' म्हणालो होतो. दोनच महिन्यांत चोवीस तास सगळंच बंद झालं. माझ्या चैनीच्या बेतांना काळाची ही अशी साथ असते.

शेवटी इंदूरच्या ताईचा फोन आला, "आईला घेऊन चार दिवस ये." पौष महिना, थंडी कडाक्याची. रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडली. पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर, साडेदहाला, भावजींनी मफलर गुंडाळला.

"चला, सराफ्यात."

मी म्हटलं, "या वेळी? सोनं घ्यायचंय?"

"खायचंय," भावजी म्हणाले.

आई पलंगावरून खाली पाय सोडून चपला शोधू लागली. मी तिथल्या तिथे तिचा अर्ज नामंजूर केला. "आई, बाहेर थंडी आहे, तुझे गुडघे, तुझी साखर..."

"अरे बाळ्या," आई म्हणाली, "मी काय तिजोरीत ठेवायची वस्तू आहे?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तिला शाल पांघरून निघालो. ज्याला उत्तर सुचत नाही तो माणूस काळजी दाखवतो, हा माझा अनुभव आहे.

इंदूरचा सराफा राजवाड्याला लागूनच आहे. होळकरांच्या त्या सात मजली वाड्याला वळसा घातला, की दिवसा या गल्लीत सोन्याचांदीची दुकानं. रात्री त्यांची कुलपं लागतात आणि त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर, ओट्यांवर, शेगड्या पेटतात. कुठे भुट्ट्याचा कीस – म्हणजे मक्याचं कणीस किसून दुधात शिजवलेलं – कुठे गराडू तळून त्यावर जिरावन भुरभुरलेलं. गराडू हा एक थंडीतला कंद. त्याची चव सुरण आणि बटाटा यांनी समझोता केल्यासारखी लागते. आपल्याकडच्या ताटाएवढा जलेबा. शिकंजी मागितली तर लिंबाच्या सरबताऐवजी दाट दुधाचा, सुक्या मेव्याचा प्याला हातात येतो. आणि जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण दह्यासकट हवेत उडवून, थेंब न सांडता, पुन्हा झेलतात. तो द्रोण वर गेला तेव्हा माझा श्वास वर गेला. माझ्या हातून नुसती नोटांची गड्डी निसटली तर चार महिने झोप उडते!

तरी माझ्यातला कॅशियर जागा होताच. मी विचारलं, "भावजी, बंद तिजोऱ्यांसमोर एवढी गर्दी? सराफ परवानगी कशी देतात?"

भावजी हसले. "लोक सांगतात, मुळात सराफांनाच हे सोयीचं वाटलं. सुनसान गल्लीत चोर शिरतो. जिथे रात्री दोनपर्यंत लोक जिलबी खातायत, तिथे कसला शिरतोय?"

वाचकहो, माझ्या हातातला वडा हातातच राहिला. मी आजवर समजत होतो की मौल्यवान वस्तू सांभाळायची म्हणजे दिवे बंद, दार बंद, तोंड बंद. माझं मन मी असंच सांभाळत होतो. दहा वाजता कुलूप. मग दोन वाजता त्या सुनसान गल्लीत साडेनऊ हजारांचा चोर शिरला तर नवल कसलं? शिरायला त्याला दुसरी इतकी निवांत जागा तरी कुठली?

या आनंदात मी रिकामा द्रोण टाकायला जागा शोधू लागलो. इंदूरनं 2017 ते 2023 स्वच्छ शहरांच्या यादीत सलग पहिला नंबर राखून इतकी दहशत बसवली आहे, की तिथे माणूस शिंकतानासुद्धा आजूबाजूला कचराकुंडी बघतो. कुंडीशी बारीक अंगाचा एक मुलगा बसला होता, सतरा-अठरा वर्षांचा असेल, भांडी विसळत. पौषातल्या थंडीत, गार पाण्यात, कोपरापर्यंत हात. रात्रीचा एक वाजलेला.

माझ्या तत्त्वज्ञानाला एकदम ठसका लागला. माझ्या मनाची गल्ली उजळावी म्हणून हा जागा! ही कसली मनःशांती, जिचं बिल मी भरतो आणि झोप दुसऱ्याची वजा होते? मी त्याला माझ्या मुंबईच्या हिंदीत विचारलं, "नींद नहीं आती क्या?"

तो म्हणाला, "दिन में सोता हूँ, भिया. आप कब सोते हो?"

मी गप्प. कारण खरं उत्तर 'कधीच नाही' असं होतं.

मला आमच्या बँकेतल्या 31 मार्चच्या रात्री आठवल्या. वार्षिक खाती बंद करताना मध्यरात्री चहा यायचा. तो कोण आणायचा? इतकी वर्षं मी तो चहा प्यालो. कपाच्या कडेचा टवका आठवतो, चहा आणणाऱ्याचा चेहरा आठवत नाही. तेव्हा मी चैन करत नव्हतो, कर्तव्य करत होतो. तरी त्याची झोप गेलीच होती. म्हणजे मी घरी बसून उपास केल्यानं कुणाची रात्र वाचते असं नाही. उलट गल्ली ओस पडली तर त्या मुलाची मजुरीच जाते. पण म्हणून माझं देणं फिटतं असंही नाही. निदान चेहरा बघायचा, घासाघीस करायची नाही आणि त्याच्या हाताशी दोन पैसे जास्त ठेवायचे, एवढंच मला त्या वेळी सुचलं. हिशेब जुळला असं मी म्हणणार नाही. काही फरक पदरचे भरूनही राहतात.

दीडला घरी आलो. आई जागी होती.

"झोपली नाहीस?"

"मी कुठे झोपते?" आई म्हणाली. "तू रात्री दोनला उठतोस. सव्वादोनला पाणी पितोस. अडीचला खुर्ची ओढतोस आणि पुटपुटतोस, 'हिरव्या पिशवीवाल्या बाई'. पहिल्यांदा मला भलताच संशय आला होता."

"आई!"

"मग कळलं, पैशाचं आहे. तेव्हापासून पडून ऐकते. साडेनऊ हजार गेले, ते भरलेस. चार महिने गेले, ते कोण भरणार?"

तिनं 'तुझे' म्हटलं नाही, 'माझे'ही म्हटलं नाही. मी तिची साखर रोज मोजत होतो. तिच्या जाग्या रात्री मोजायचं मला सुचलं नव्हतं. चैन म्हणजे स्वार्थ असं मी मानत आलो होतो. पण शेजारच्या खोलीतल्या माणसाला जागं ठेवणारं दुःख तेवढं निःस्वार्थी आणि द्रोणभर दहीवडा तेवढा स्वार्थी, हे कुठलं नीतिशास्त्र?

दुसऱ्या रात्री आईला रिक्षात बसवून सराफ्यात नेलं. दोन शाली, एक कानटोपी, माझी एक बॅटरी. दहीवडेवाल्याचं नाव ऐकल्याबरोबर ती म्हणाली, "कुठले जोशी?" द्रोण हवेत उडाला तेव्हा तिनं लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग तिनं जिलबी मागितली. माझ्या तोंडी 'साखर' आलं होतं. ते मी तिथेच गिळलं आणि समोरच्या बंद दुकानाची पाटी वाचू लागलो. पाटी फार मोठी नव्हती. तरी मी ती दोन जिलब्या संपेपर्यंत वाचली.

कालचा मुलगा तिथेच होता. आईनं त्याला विचारलं, "जेवलास का रे?" मराठीतच. त्याला ते कळलं. मला इतक्या वर्षांच्या नोकरीत चहा आणणाऱ्याला विचारता आलं नव्हतं, ते तिनं पंधरा सेकंदांत विचारलं.

परतताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपली. दोन वाजले. माझा काउंटर उघडला नाही. म्हणजे मी जागाच होतो, पण तिची मान घसरू नये म्हणून.

मुंबईला आलो. साडेनऊ हजारांचा पत्ता अजून लागलेला नाही. झोप मात्र बऱ्यापैकी लागते. एखाद्या रात्री नाही लागली तर मी आईच्या खोलीत डोकावतो आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर जाऊन कॉफी पितो. बिनसाखरेची. सौ. म्हणते, "मला कधी उठवणार?" तेही खातं उघडायचं आहे.

सरांचा तो नियमही आता पटला आहे. त्या दोन रात्रींत माझ्या खिशातून सहाशे चाळीस रुपये बाहेर गेले. ते मी कुठे लिहिले आहेत, हे सांगायला नको.

राहता राहिली आईची साखर. ती वाढली. डॉक्टरांनी मला समोर उभं करून चांगली बोलणी दिली. मी मुकाट्यानं खाल्ली, तीही घराबाहेरच.