अनुशोचन

नालासोपाऱ्याच्या परिसरात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या हाती अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक भग्न तुकडा लागला आणि पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावात नवव्या शासनाचा तुकडा मिळाला. त्या ब्राह्मी अक्षरांस शिरोरेखा नाही. ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह आणि ‘ठ’ म्हणजे एक नुसते वर्तुळ, इतकी ती साधी, पाटीवर नुकतीच गिरवल्यासारखी. आठव्या शासनात राजा सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत असत, परंतु अभिषेकानंतर दहा वर्षांनी आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन घ्यावे, वृद्धांस द्रव्य द्यावे, जनपदातील लोकांस भेटून त्यांच्याशी धर्मचर्चा करावी. पाटलिपुत्राहून इतक्या दूर, कोकणच्या एका गजबजलेल्या बंदरात, आपला शिकारीचा नाद सुटल्याची हकीकत राजाने दगडावर का कोरवावी, हा प्रश्न त्या तुकड्याशी माझ्या मनात जो जडला आहे तो सुटलेला नाही.

अशोकाच्या राज्यकारभारातील पालट वरवरचा नव्हता. मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राण्यांची हत्या होत असे, ती दोन मोर आणि एक हरिण इतक्यावर आली, आणि हरिणही नित्य नव्हे. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय, जेथे औषधी वनस्पती नाहीत तेथे त्या आणवून लावणे, वाटेवर विहिरी आणि वृक्ष. आणि हे केवळ आपल्या मुलखात नव्हे, तर अंतियोक नावाच्या यवनराजाच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या प्रदेशातही. अभिषेकानंतर तेरा वर्षांनी धर्ममहामात्र नावाचे नवेच अंमलदार नेमले गेले, आणि त्यांच्या कार्यक्षेत्रात यवन, कंबोज, गांधार यांच्याबरोबर रठिक नावाच्या लोकांचाही उल्लेख येतो. परराष्ट्रनीतीचे तर मूळच बदलले: शस्त्राने मिळवलेला जय नव्हे, धर्मविजय हाच मुख्य विजय, आणि तो तुरमाय, अंतिकिनि, मका व अलिकसुंदर या राजांच्या राज्यांपर्यंत पोचला, असे तेरावे शासन म्हणते.

परंतु या साऱ्या सुधारणांचा उगम ज्या घटनेत आहे तिच्याकडे वळल्याशिवाय त्यांचे मोल ठरत नाही. अभिषेकाला आठ वर्षे झाली असता कलिंग जिंकला गेला. दीड लाख माणसे तेथून पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, जेत्याने स्वतः त्याच तेराव्या शासनात लिहवून घेतले आहेत, आणि त्यांच्यापुढे ‘अनुशोचन’ हा शब्द ठेवला आहे. विजयी राजाने आपल्या विजयाचा हिशेब प्रेतांच्या संख्येत मांडावा आणि तो दुःखाने मांडावा, असे दुसरे उदाहरण प्राचीन जगात मला आठवत नाही. त्या शब्दाविषयी माझ्या मनात खरा आदर आहे, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

कलिंग परत का दिला नाही? जे दीड लाख लोक नेले गेले ते आपापल्या गावी परतले, असे त्या शासनात कोठेही नाही. आपल्या धर्मशास्त्राने पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त यांत भेद केला आहे. पहिला मनाचा व्यापार, दुसरी कृती. मनुस्मृती अशोकानंतरची खरी, पण तिच्या अकराव्या अध्यायात क्षुल्लक चोरीचे प्रायश्चित्त सांगतानाही चोरलेली वस्तू आधी परत करावी आणि मग आत्मशुद्धीसाठी कृच्छ्र हे व्रत करावे, असाच क्रम आहे. हा न्याय एका भांड्याला लागू होतो आणि एका देशाला होत नाही, असे कोणत्या तर्काने म्हणावे? यावर उत्तर असे देता येईल की राज्य परत द्यायचे ते कोणाला. शासनात कलिंगाच्या राजाचे नाव नाही, आणि मोडलेला देश वाऱ्यावर सोडणे हे नवे पाप ठरले असते. या उत्तरात तथ्य आहे, पण माणसे परत धाडण्यास ते आड येत नाही. त्याच शासनात अटवीतील लोकांना राजा अभय देतो आणि त्याच दमात सुनावतो की पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी सामर्थ्य आहे. अनुताप खरा होता, असे मी मानतो. राजसत्ता त्याच्या हातून सुटली नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

स्वतः अशोकाला राजसत्तेच्या या मर्यादेची जाणीव होती, याचा पुरावा त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. धर्माची वाढ दोन मार्गांनी झाली, एक नियमाने आणि दुसरी निझतीने, म्हणजे विचाराने पटवून देण्याने. त्यांत नियम हलका आणि निझती श्रेष्ठ, असे तो अभिषेकाला सत्तावीस वर्षे झाल्यावर लिहितो. कोणते पक्षी-प्राणी मारू नयेत याची यादी जाहीर करणारा राजाच हे म्हणतो, म्हणून त्या वाक्याला वजन आहे. भुईगावचा तुकडा ज्या वर्षी सापडला त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, अशोकविजयादशमीस नागपुरात डॉ. आंबेडकरांसह लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेथे ना फर्मान होते ना महामात्र. निझती या शब्दाचा अर्थ मला त्या दिवसाच्या वृत्तांतातून अधिक उमगतो.

आणि तरीही धौलीचा खडक डोळ्यांपुढून हलत नाही. भुवनेश्वराजवळच्या त्या टेकडीत खडकातून अर्धा बाहेर आलेला एक हत्ती कोरला आहे आणि त्याच्याच खाली राजाची शासने आहेत. धौली कलिंगात आहे. इतरत्र जे तेरावे शासन कोरले ते येथे आणि कलिंगातल्याच जौगडला कोरलेच नाही; दूरच्या यवनांना ज्याविषयी सांगितले ते दुःख ज्यांच्यावर घाव पडला त्यांना सांगितले नाही. त्याऐवजी दोन वेगळी शासने आहेत, आणि त्यांतले पहिले तोसलीच्या नगरन्यायाधीशांना उद्देशून आहे: सारी माणसे माझी लेकरे आहेत, कोणाला विनाकारण बंदीत टाकू नका, छळू नका, मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळ, आळस, थकवा हे तुमच्या कामाचे शत्रू आहेत. याला मी पोकळ शब्द म्हणणार नाही; जेत्याच्या अंमलदाराला थकव्याचा दोष दाखवून देणारा राजा प्रजेच्या दारापर्यंत पोचलेला असतो. हे शासन तिष्य नक्षत्राच्या प्रत्येक दिवशी वाचून दाखवावे, मध्यंतरीही वाचावे, ऐकणारा एकटाच असला तरी वाचावे, अशी आज्ञा त्यातच आहे. त्या टेकडीखाली असा एकटाच कोणी उभा राहिला असेल, ज्याचा भाऊ त्या दीड लाखांत गेला होता, आणि वाचणाऱ्याने त्याला सांगितले असेल की राजा तुला आपले लेकरू मानतो. भाऊ कोठे आहे, हे त्याने विचारले असेल, तर वाचणाऱ्यापुढच्या दगडावर त्याचे उत्तर नव्हते.